आईच्या नाकाच्या भरवशावर

"मान जरा वर घ्या हं," मी म्हणाले आणि चष्म्याच्या काड्या कानांमागे बसवायला वाकले. बाई पन्नाशीच्या, चांगल्या बोलक्या. दुकानात आल्यापासून सुनेची गाऱ्हाणी चालू होती. मी हात वर केले आणि त्या मध्येच गप्प झाल्या. आधी वाटलं, काडी रुततेय. मग लक्षात आलं, बाईंनी श्वास धरून ठेवलाय. मी मागे सरकले तेव्हा त्यांनी तो सोडला आणि "छान बसला" म्हणून तडक काउंटर गाठलं. सून अर्धवटच राहिली.

दुकान बंद करताना मालकांनी मला थांबवलं. भला माणूस. भल्या माणसांना वाईट बोलायचं असलं की हातात काहीतरी लागतं. यांनी काचा पुसायचं फडकं घेतलं होतं.

"उद्यापासून तू मागे बस. काचा घासायच्या मशिनवर."

"माझं काही चुकलं का?"

"चुकलं नाही गं. हात चांगलाय तुझा. पण..." त्यांनी फडक्याची घडी केली. "वास येतो. घामाचा. गिऱ्हाइकं बोलतात. बरेच दिवस मी ऐकून घेतलं."

"शक्यच नाही," मी म्हणाले. "मी रोज तपासून घेते."

त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि फडक्याची घडी पुन्हा उलगडली.

शाळेत असल्यापासून मला घाम सुटतो. उन्हाचा नाही. पंख्याखाली बसलं तरी काखा भिजतात, वहीचं पान तळहाताला चिकटून वर येतं. आणि वास. माझ्या बाकावर कोणी टिकून बसलं नाही. कॉलेज मी त्यापायीच सोडलं. आई दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. शेवटी तिनेच तिथल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, अस्वच्छपणा नव्हे. ते ऐकून मी तिथेच रडले. रात्री काखा कोरड्या करून लावायचं औषध त्यांनी दिलं. सकाळी धुऊन टाकायचं. आपल्या वासाची आपल्या नाकाला सवय होते, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी विचारत जा, असंही म्हणाल्या.

दुसरं कोण असणार? रोज निघताना मी आईपुढे हात वर करायची. ती ओले हात पुसत यायची, नाक जवळ आणायची आणि म्हणायची, "काही नाही. जा तू." थोड्याच दिवसांत मला पटलं की मी बरी झाले. औषध झोंबायचं, काखा लाल व्हायच्या. "बंद करू का गं?" मी विचारलं. "कर की, आता कशाला हवंय?" ती म्हणाली. चष्म्याच्या दुकानातली नोकरीही मी त्याच जोरावर धरली. तिथे माणसाच्या अगदी तोंडाजवळ जावं लागतं, आणि मी बिनधास्त जायची! किती जणांनी श्वास धरला असेल, देव जाणे.

त्या संध्याकाळी घरी जाताना मला एवढंच कळत होतं की माझं मन राखायला आई खोटं बोलते. राग आला, पण मायाही वाटली. आयाच त्या.

सकाळी मी कालचा शर्ट घेतला आणि त्याच्या काखेत फिनाईल ओतलं. कितीही मन राखायचं असलं तरी आता ती ओरडणारच, अगं हे काय सांडलंस!

"आई, बघ गं. येतोय का?"

तिने शर्ट नाकाला लावला. नीट, मन लावून हुंगला. शेजारी उभं राहूनही माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं, इतका भपकारा होता.

"काही नाही," आई म्हणाली. "उगीच मनाला लावून घेतेस. जा तू."

मी शर्टाकडे बोट दाखवलं.

"आई, त्यावर फिनाईल आहे."

तिने ओल्या डागाकडे पाहिलं. शर्ट हळूच खुर्चीवर ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मला तो मोठा ताप आला ना, तेव्हापासून वासच येत नाही. येईल परत, येईल परत म्हणत राहिले."

म्हणजे माझं औषध सुरू झालं त्याच्याही आधीपासून.

"स्वयंपाकघरात कळलं तर ठेवतील का मला? दूध नासलंय की काय, ते नाकानंच बघायचं असतं. मी चाखून निभावते."

"त्यांना नको सांगूस. मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढंसं तोंड करून उभी राहायचीस. नाही म्हटलं की खुलायचीस. एकदा म्हटलं, मग रोज म्हणत गेले." "आणि तेवढ्यापुरती तरी जवळ यायचीस. एरवी कोणाला शिवू देतेस?"

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. नाही विरघळले. मन राखायला खोटं बोलली असती तर एक वेळ चाललं असतं. निदान खरं काय ते तिला तरी माहीत असतं. इथे काहीच माहीत नसताना ती मला खात्री देत होती, आणि ती खात्री घेऊन मी लोकांच्या तोंडासमोर हात वर करत होते. ज्या एका माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्यानेच केसाने गळा कापला.

आठवडाभरात मी पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले. नको म्हणत असताना आईही आली.

"गुण आला असता की, मग औषध का सोडलं?" बाई चिडल्याच. "कोणी सांगितलं बंद करायला?"

मी आईकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. वाटलं, आता तरी बोलेल. निदान एवढं तरी म्हणेल की मी सांगितलं. पुढचं मी बोलले असते तर तिची नोकरी दुपारपर्यंत गेली असती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"मीच सोडलं," मी म्हणाले.

"असं करू नका. झोंबलं तर एक दिवसाआड लावा, पण लावा." मग त्या आईकडे वळल्या. "आणि तुम्ही हो, स्वयंपाकघरातल्या. तुमचं नाक तर तरबेज. रोज हिला तपासत जा. वास आला तर लगेच मला सांगा."

"हो, सांगेन की," आई म्हणाली. हसून म्हणाली.

मी चिठ्ठी घेतली आणि उठले. बाहेरच्या पायऱ्यांवर आईने माझा हात धरायला हात पुढे केला. मी पिशवी त्या बाजूच्या हातात घेतली.