मेघबाबांची गोकर्ण

खिदिरपूरच्या पुलापलीकडच्या त्या गल्लीत सकाळी सात वाजताच पाय ठेवायला जागा उरत नसे. तोंडाशी ज्यूटच्या व्यापाऱ्यांच्या मोटारी, त्यांच्या मागे हातरिक्षा, मध्ये डोक्यावर पदर घेतलेल्या बायका आणि या सगळ्यांमधून किटली सांभाळत वाट काढणारा चहावाला. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: फूल कोणाला निळं आलं आणि कोणाला गुलाबी.

चैत्र लागला की कलकत्त्याला कालबैसाखीचा धाक पडतो. दुपारभर ऊन भाजून काढतं, चार-पाचच्या सुमाराला वायव्येकडून आकाश शाईसारखं काळं होतं आणि अर्ध्या तासात वादळ पत्रे उडवून, झाडं आडवी करून, नदीतल्या होड्या उलथून निघूनही जातं. पण ते रोज येत नाही, हीच पंचाईत. ते कधी येणार हे ज्याला कळेल त्याच्या पायाशी बसायला हे शहर तयार होतं. आणि मेघबाबांना ते कळतं, अशी एकोणसत्तर सालच्या त्या चैत्रात बजबजपासून बराकपूरपर्यंत ख्याती झाली होती.

सुनीती रांगेत प्रेमलताकाकूंच्या मागे नारळाची पिशवी धरून उभी होती. ती पदार्थविज्ञानाची पदवीधर, भवानीपूरच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायची. बाबांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण ती राहायची काकूंच्या घरी; काकू मराठी मंडळाच्या महिला शाखेच्या प्रमुख, आणि काकूंनी 'चल' म्हटल्यावर 'नाही' म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती.

आतल्या खोलीत बाबा डोळे मिटून बसले होते. पुढे चौरंग, चौरंगावर काचेची हंडी आणि हंडीत एक अपराजिता, म्हणजे आपली गोकर्ण. रंग धड निळा नाही, धड गुलाबी नाही.

काकूंच्या पुढे बजबजचा एक गोदामवाला होता. "बाबा, कल का बताइए. छत कच्चा है. बहुत डर लगता है."

"डोर लागता है?" बाबांनी एक डोळा उघडला. शेजारच्या घड्यातून गंगाजलात भिजलेलं लाल वस्त्र काढून त्यांनी हंडीत फुलाभोवती गुंडाळलं आणि मंत्र सुरू केला. चार मिनिटांनी वस्त्र बाजूला झालं. फूल गुलाबी! खोलीत जयजयकार झाला. "तूफान आएगा," बाबा म्हणाले, "किंतु हम रोकेगा." आणि गोदामवाला दंडाला ताईत बांधून निश्चिंत मनाने बाहेर पडला.

काकू पुढे सरकल्या. "बाबा, रविवार को हमारे मंडल की नाव है. बराकपूर से दक्षिणेश्वर. तीन बजे निकलेंगे, संध्याकाळ की आरती को पहुँचेंगे. बत्तीस लोग हैं, बच्चे भी हैं. जाएँ ना?"

"जाने का मोन है, माँ?"

"बहुत!"

आता बाबांनी फूल हंडीतून बाहेर काढून धरलं, कापूर पेटवला आणि फुलाखालून हळूहळू ओवाळायला घेतला. पाकळ्यांच्या कडा निळ्या झाल्या, मग सगळं फूल निळंशार. काकूंनी हात जोडले.

"निश्चिंत जाओ. साहब लोग हवा देखने को बेलून छोड़ता है, बेलून फट जाता है. हमारा फूल कभी मिथ्या नहीं बोला."

"और बोला तो?" सुनीतीने विचारलं.

दाराशी उभा असलेला शिष्य गुरगुरला, "तो पूछनेवाले के मन में पाप था."

ट्राममध्ये बसल्या बसल्या सुनीती म्हणाली, "काकू, ते फूल कापडाचं आहे."

"मग? देवाची मूर्ती दगडाची असते."

"पण त्याला कोबाल्ट क्लोराइड लावलंय. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बाटली आहे त्याची. ओलावा लागला की गुलाबी, तापवलं की निळं. तुम्ही पाहिलंत ना, गुलाबी करायचं तेव्हा ओलं वस्त्र, निळं करायचं तेव्हा कापूर."

"रंग कसा का येईना," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "खरं ठरतं ना? मालतीला विचार. सुशीलेला विचार. नऊ जणींनी मला आपणहून येऊन सांगितलं, बाबा म्हणाले तस्संच झालं."

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. सुनीतीला फुलाचं रसायन ठाऊक होतं, पण फूल कापडाचं असलं म्हणून भाकीत खोटं ठरत नाही. ते तपासायचं तर सगळ्यांनाच विचारायला हवं होतं, आणि त्याची सोय आयती झाली होती. चैत्रगौरीचं हळदीकुंकू मंडळातल्या प्रत्येक घरी व्हायचं. बायकांना सगळीकडे जाता यावं म्हणून प्रत्येक घराची संध्याकाळ वेगळी ठरायची, आणि गौरीची आरास कलकत्त्याच्या उकाड्यात गच्चीवरच मांडली जायची. त्यामुळे यंदा, काकूंचं शेवटचं घर सोडून, बाकीच्या वीसच्या वीस घरांनी आपापल्या संध्याकाळसाठी बाबांचं फूल पाहून घेतलं होतं. वीस संध्याकाळी, वीस फुलं.

'आंब्याच्या डाळीच्या वेगवेगळ्या कृती जमवतेय' असं सांगत सुनीती पुढचे चार दिवस घरोघर हिंडली. ज्यांचं खरं ठरलं होतं त्या दारातच सांगत. ज्यांचं खोटं ठरलं होतं त्या आधी कृती सांगत, मग पन्हं देत, आणि मग स्वयंपाकघरात नेऊन आवाज खाली करत.

शकुन तर दार लावून घेऊनच बोलली. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून ती सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आली होती. कडेवर आठ महिन्यांचं बाळ.

"मला निळं आलं होतं. साडेपाचला असं वादळ आलं की गौरीच्या मागची चादर शेजारच्या बंगाल्याच्या गच्चीवर. पन्ह्याच्या पातेल्यात माती. पण कोणाला सांगू नका हं. काकू म्हणतील, हिचंच मन शुद्ध नव्हतं."

"असं प्रत्येकीला वाटतंय."

शकुन दाराची कडी पुन्हा एकदा बघून आली. मग बाळाचं टोपडं नीट करत म्हणाली, "सुनीतीताई, रविवारी होडीत याला न्यायलाच हवं का?"

"भीती वाटत असेल तर नाही म्हण."

"मी नवी. बत्तीस जण जाणार आणि मीच कशी नाही म्हणू? त्यातून काकूंना बाबांनी निळं दाखवलंय."

त्या संध्याकाळी सुनीतीने रद्दीच्या गठ्ठ्यातून महिन्याभराची वर्तमानपत्रं उपसली. काकूंनी ती अजून विकली नव्हती, हे विज्ञानाचं नशीब.

शनिवारी शेवटचं, एकविसावं हळदीकुंकू काकूंच्या घरी होतं. गच्ची भरलेली, गौर झोपाळ्यात, अत्तराचा वास आणि सगळ्या गप्पा उद्याच्या होडीच्या. कुंकू लावून झाल्यावर सुनीती एक गुलाबी गोकर्ण घेऊन आली.

"अगंबाई, बाबांनी हिलाही दिलं!" मालतीबाई म्हणाल्या. मालतीबाईंचं घराणं तीन पिढ्या कलकत्त्यात, त्यामुळे कुठल्याही विषयावर पहिलं मत त्यांचं.

"मी काल रात्री शिवलं. आमच्या धोतराच्या फडक्याचं आहे." तिने फूल चिमट्याने शेगडीवर धरलं. फूल निळं झालं. मग चहाच्या किटलीच्या वाफेवर धरलं. पुन्हा गुलाबी. "बोला, कोणाला कसलं आकाश हवंय?"

दोन-तीन मुली खुदकन हसल्या. काकूंचा चेहरा मात्र उतरला. "पोरी, घरी आलेल्या बायकांसमोर..."

"काकू, तुम्हीच म्हणालात ना, रंगाचं सोडा, खरं ठरतं का ते बघ. मी बघितलं." तिने वही उघडली. "वीस संध्याकाळी झाल्या. पाच दिवस वादळ आलं, पंधरा दिवस नाही. बाबांची फुलं अकरा वेळा बरोबर, नऊ वेळा चूक."

"अकरा बरोबर आहेतच की!" मालतीबाई म्हणाल्या. "माणूस आहे, थोडं इकडे तिकडे."

"तुमच्या स्वयंपाकघरातल्या पाट्याला रोज विचारलं असतं आणि तो रोज 'वादळ नाही' म्हणाला असता, तर पंधरा वेळा बरोबर आला असता. नारळसुद्धा मागितला नसता त्याने."

आता सगळ्याच हसल्या. पण मालतीबाई सोडणाऱ्या नव्हत्या. "गुलाबी येऊन वादळ आलं नाही, ते तू चुकीत धरलंस. अगं, ते ताईतामुळे टळलं!"

"गुलाबी येऊन कोरडे गेलेले दिवसही पाचच. त्या दिवशी वादळ अख्ख्या कलकत्त्यात आलं नाही, मालतीबाई. बेलूरला नाही, टॉलीगंजला नाही. एका ताईताने एवढं शहर झाकलं? आणि असं बघा: निळं आणि कोरडं, तर बाबा खरे. निळं आणि वादळ, तर तुमच्या मनात पाप. गुलाबी आणि वादळ, तर बाबा खरे. गुलाबी आणि कोरडं, तर ताईताचा प्रताप. ते हरणार कधी, हेच त्यांनी कुठे ठेवलेलं नाही."

"मग तुझं ते वर्तमानपत्र काय मोठं शहाणं?" काकूंनी विचारलं. आवाजात राग होता, पण प्रश्न खरा होता.

"तेही बघितलं. त्यात दोन अंदाज असतात. एक सगळ्या दक्षिण बंगालचा. तो वीसपैकी सतरा दिवस 'काही ठिकाणी वादळ' म्हणाला. बरोबर आला आठच दिवस."

"बघा! बाबांपेक्षा वाईट!"

"आपल्या गच्चीपुरता वाईट. एवढ्या मोठ्या मुलखात कुठे ना कुठे वादळ होतंच, तेवढंच तो सांगतो. दुसरा अंदाज फक्त कलकत्ता आणि आसपासचा, त्याच दिवसापुरता. तो आठ दिवस 'वादळाची शक्यता' म्हणाला. बरोबर आला पंधरा दिवस."

"म्हणजे पाट्याइतकाच," काकू म्हणाल्या. शाळेत गणित चांगलं होतं त्यांचं.

"इतकाच. पण पाचातली किती वादळं पाट्याने आधी सांगितली? एकही नाही. त्या अंदाजाने चार सांगितली. बाबांनी? एक. गच्चीवर पन्हं प्यायचं असेल तर पाटाही चालेल, काकू. होडीत बसायचं असेल तर मोजायची ती वादळं."

तेवढ्यात मागच्या रांगेतून शकुन उठली. बाळ खांद्यावर झोपलं होतं. तिने त्याच्या दंडावरची बाही वर केली. काळ्या दोऱ्यात ताईत.

"मी काल एकटी गेले होते बाबांकडे," ती म्हणाली. "रविवारी संध्याकाळचंच विचारलं. होडी म्हटलं नाही. नुसतं म्हटलं, बाळाची फार भीती वाटते. मला गुलाबी आलं."

"रविवारी संध्याकाळचं?" काकू हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला ज्या वेळेचं निळं आलं, त्याच वेळेचं. तुम्हाला जायचं होतं, मला जायचं नव्हतं." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी सांगणार नव्हते. पण उद्या याला घेऊन बसायचंय मला त्या होडीत."

चार दिवसांपूर्वी प्रेमलताकाकूंनी खिदिरपूरला 'बहुत!' म्हटलं होतं, ते त्यांना आठवत असावं. मग त्या शकुनपाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने ती गाठ सोडवू लागल्या. घट्ट होती, दातांनी तोडावी लागली.

"सुनीती," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ही वादळं सकाळची येतात का गं?"

"पाचही चारनंतरची होती. एकदाही सकाळी नाही."

"मग होडी सकाळी सातला निघेल. पहाटेची लोकल पकडा सगळ्यांनी. संध्याकाळची आरती नाही मिळाली तर सकाळचं दर्शन घेऊ, देवी काही दुपारपर्यंत कुठे जात नाही."

रविवारी पहाटे सियालदा स्टेशनवर सुनीतीने वर्तमानपत्र घेतलं. कलकत्ता आणि आसपास: दुपारनंतर मेघगर्जनेसह वादळाची शक्यता. बत्तीस जण सात वाजता बराकपूरच्या घाटावरून निघाले. नदी काचेसारखी शांत होती. बाळ सगळा वेळ होडीवाल्याच्या पागोट्याकडे हात करत होतं. साडेदहाला सगळे दक्षिणेश्वरच्या पायऱ्यांवर होते.

आणि संध्याकाळी वादळ आलं नाही.

साडेपाचला काकूंच्या गच्चीवर चार बायका जमल्या होत्या. वायव्येला थोडे ढग आले, घुटमळले आणि विरून गेले. आकाश स्वच्छ, वारासुद्धा मंद.

"झालं!" मालतीबाईंनी टाळी वाजवली. "बाबांचं निळंच खरं ठरलं. उगाच पहाटे चारला उठवलंत बायकांना. काय गं सुनीती, कुठे गेलं तुझं वादळ?"

"आज अंदाज चुकला," सुनीती म्हणाली आणि तारखेपुढे तसं लिहिलं.

"कबूल करतेय! बघा प्रेमलताताई, कबूल करतेय!"

इथे गोष्ट लिहिणाऱ्याला वाचकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. उद्याच्या आकाशाबद्दल खात्री कोणालाच नसते. म्हणून कोणी खात्री दिली की त्याला एवढंच विचारावं: आधी काय सांगितलं होतं, कुठे लिहून ठेवलंय, किती वेळा चुकलं, आणि चुकलं तेव्हा दोष कोणावर ढकलला? हे विचारायला पदवी लागत नाही. शाळेतली बेरीज-वजाबाकी पुरते.

प्रेमलताकाकूंनी तर त्याहूनही थोडक्यात सांगितलं.

"मालती, ही पोर म्हणते, माझं आज चुकलं. वर्तमानपत्रवाले उद्या पुन्हा अंदाज छापतील, तोही कधी चुकेल. बाबांचं आजवर कधी काही चुकलं का, विचार जाऊन. 'काहीच नाही' म्हणतील." त्यांनी शकुनच्या मांडीवरच्या बाळाला उचलून घेतलं. "ज्याचं कधीच काही चुकत नाही, त्याच्या शब्दावर मी हे लेकरू पाण्यावर नेणार नाही."