मुदत नसलेला स्वर

धाकटा चाळिशीला टेकला तरी घरात धाकटाच राहिला. संगणकाकडून आवाज घडवून घेण्यासाठी त्याने एक भाषा तयार केली होती. चार शब्द, चार आकडे लिहिले की कुठल्याच वाद्यात नसलेला स्वर वाजायचा. ती वापरणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली भांडणारी एकटी ताई. ती संगीत रचायची आणि फावल्या वेळात याच्या भाषेतल्या चुका काढायची.

मुख्य भांडण एकाच नियमाचं. स्वर किती वेळ वाजणार हे आधी लिहिल्याशिवाय भाषा तो वाजवायचीच नाही. सुरुवातीला ताईचा एक स्वर मोकाट सुटून स्पीकर जळला होता, तेव्हापासून धाकट्याने हे कुलूप ठोकलं होतं.

"सुरू करतानाच जायची तारीख विचारायची? स्वर आहे की भाडेकरू?" ताई म्हणायची.

"नियम म्हणजे नियम. तुला मुभा दिली तर उद्या सगळेच डोक्यावर बसतील."

ताई हट्टी, तर हा तिच्या वरताण. भांडण तसंच राहिलं आणि आजारपण ताईला घेऊन गेलं.

काही दिवसांनी आई म्हणाली, "ती शेवटी काय करत होती, ते ऐकव रे मला."

दुपारी दोघं ताईच्या खोलीत बसले. धाकट्याने तिची शेवटची फाइल उघडून बटण दाबलं. स्वर आला नाही. पडद्यावर त्यानेच कधीकाळी हौसेने लिहिलेली ओळ उमटली: 'आधी मुदत सांगा, मग गाणं.' ताईने मुदतीची जागा मुद्दाम कोरी ठेवली होती.

"तिने शेवट लिहिला नाहीये," तो म्हणाला.

"मग तू लिही की. एक आकडाच ना?"

आकडाच होता. त्याने एक लिहिला, खोडला. मोठा लिहिला, तोही खोडला. ताईचा स्वर कुठे तोडायचा हे ठरवणारा मी कोण, असं त्याला वाटलं. शेवटी त्याने स्वतःची भाषा उघडली आणि इतकी वर्षं जिवापाड जपलेला नियम काढून टाकला. काम चुटकीसरशी झालं. ती असताना आपण एवढंही केलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

स्वर सुरू झाला. खालचा, जाडसर, किंचित थरथरणारा. आई डोळे मिटून ऐकत राहिली. भिंतीवरचं ऊन कपाटापर्यंत सरकलं तरी तो वाजतच होता.

"किती वेळ चालणार रे हे?"

"आपण थांबवेपर्यंत."

आईने डोळे उघडले. मग म्हणाली, "थांबव आता. मला नाही ऐकवत."

दवाखान्यात ताईचा श्वास आपोआप थांबला होता, कुणाला काही बंद करावं लागलं नव्हतं. आईकडे न बघता धाकट्याने बटण दाबलं.