दहा घोड्यांचा पंप

लातूर जिल्हा नवा झाला त्याच साली पावसानं पाठ फिरवली, आणि नेमकी तेव्हाच चंद्रप्पाला अहमदपुरात बर्फाचा कारखाना काढायची अवदसा आठवली. वेळ साधावी तर यानंच!

सोमवारी नव्या कलेक्टरसाहेबांचा सत्कार होता. सरबताला बर्फ माझाच, असं तो भर बाजारात बोलून बसला होता. न्हाई तर बर्फ नांदेडहून यायचा. "जिल्हा आपला अन् बर्फ त्यांचा? नाक कापलं जाईल माझं!"

सगळं बसलं होतं, पंप तेवढा राहिला होता. बर्फ धरताना गॅसच्या नळ्या तापतात. हौदातलं पाणी वर चढवून त्यांच्यावर सोडायचं, खाली पडलं की पुन्हा चढवायचं. नळ्या गार, तरच बर्फ.

"अप्पा, बारा फूट तर चढवायचंय," मोटारी दुरुस्त करणारा ग्यानोबा म्हणाला. "माझ्याकडं तीन घोड्यांचा हाय. जोर कमी, पण पाणी लई देतो. तोच बसवा."

"तीन?" चंद्रप्पाला हसू आवरेना. विहिरी पाताळात गेल्या होत्या. ज्याच्या पंपाला घोडे जास्ती त्याला बाजारात मान जास्ती, असे दिवस होते ते. मेहुण्याचा पंप साडेसातचा. मग चंद्रप्पानं लातूरहून दहाचा आणला आणि त्याला हार घातला.

"अहो, ही काय विहीर हाय?" बायको शिवकांता म्हणाली. "माळ्यावर घागर ठेवायला पैलवान कशाला बोलवायचा?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

शनिवारी सकाळी नारळ फुटला, बटण दाबलं. अन् काय सांगावं! जोर एवढा की नळ्या राहिल्या कोरड्या, पाणी भिंतीवरून थेट गल्लीत!

"बायांनो, पळा! अप्पानं पाणी सोडलं!" समोरच्या सरजाबाईनं हाक दिली. घागरी आल्या, कळशा आल्या, कुणी परात धरली. पंप बंद होईस्तोवर टँकरनं भरलेला हौद तळाला गेला होता, आणि दुसरा टँकर मंगळवारी.

चंद्रप्पा मटकन बसला. दुष्काळात दिलेलं पाणी परत मागायचं? त्याला लाज वाटली. शेवटी टोपी हातात घेऊन तो सरजाबाईच्या दारात उभा राहिला.

"लई चुकलो, बाई. थोडं तरी पाणी द्या परत."

सरजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, घागर उचलली आणि हौदाकडं चालू लागली. मागं सगळी गल्ली निघाली. चंद्रप्पाचे डोळे भरून आले. तेवढ्यात शिवकांतानं दहाच्या पंपाचा हार काढला आणि ग्यानोबानं बसवलेल्या तीनच्या गळ्यात घातला. चंद्रप्पानं तीनचं बटण दाबलं.

सोमवारी साहेबांच्या सरबतात अहमदपूरचाच बर्फ पडला. पण पहिली लादी गल्लीतल्या बायापोरांना वाटायला फुटली होती.

मंगळवारी सकाळी चंद्रप्पा पाहतो तो भिंतीखाली घागरींची रांग. पुढं सरजाबाई.

"काय हो बाई?"

"काही न्हाई अप्पा. म्हटलं, आज टँकर येणार हाय," ती म्हणाली, "तर तो दहाचा लावता का जरा?"