सहकुटुंब सत्कार

मंजुळाबाईंनी दोरीवरचा टाय इतक्या जोरात ओढला की दोन चिमटे निघून खाली पडले. चाळीच्या जिन्यावर महेंद्र सरांच्या चपला वाजत होत्या. टाय अजून ओला होता. उशीखाली ठेवला तर उशी भिजणार, म्हणून त्यांनी तो गुंडाळून पिठाच्या डब्यामागे कोंबला आणि पदराला हात पुसत त्या दारात आल्या.

"या सर. चहा टाकते."

"चहा नको, दोनच मिनिटं बसतो," असं म्हणत सर बसले, आणि अर्थातच चहा झाला.

सर बाळकुमच्या पालिकेच्या शाळेचे मुख्याध्यापक. शाळेत शनिवारी तिघांचा सत्कार होता. शाळेसाठी पालिकेत खेटे घालणारे माजी नगरसेवक भाऊ, दरवर्षी येऊन मुलांचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टर उत्तरा आणि तिसऱ्या मंजुळाबाई. मानपत्रं सर स्वतः लिहिणार होते आणि त्यासाठी माहिती घ्यायला आले होते. खरं तर माहिती त्यांना तोंडपाठ होती. मंजुळाबाई टॉवरमध्ये दोन घरी स्वयंपाक करायच्या आणि अकरा वर्षं, दर मे-जूनमध्ये, कामावरून सुटल्या की चाळीतल्या नाहीतर बांधकामावरच्या खोपटांच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. पाच-सहा वर्षांचं पोर दिसलं की त्याच्या आईला गाठायचं. जन्मदाखला नाही? सर बघतील. कपडे? शाळा देते. सोडायला कोणी नाही? मी आहे. शाळेचा पट घसरला, आता ही शाळा दुसऱ्या शाळेत मिसळणार, अशी आवई दरवर्षी उठायची, आणि दर जूनला मंजुळाबाई पाच-सात पोरं घेऊन फाटकात हजर व्हायच्या.

"एकूण किती मुलं आणलीत तुम्ही, ताई?"

"मी कुठे मोजलीत सर."

"मी मोजली. जुनी रजिस्टरं काढून बसलो होतो काल. सदुसष्ट."

मंजुळाबाईंना आकडा ऐकून बरं वाटलं, पण सरांचा पुढचा प्रश्न त्यांना ठाऊक होता.

"नात आली का हो गावाहून? सहा पूर्ण झाली असेल ना आता?"

"नाही, आजोळीच आहे अजून. तिकडेच रमलीय."

सरांनी मान डोलावली. त्यांची नजर मांडणीवरून फिरली, क्षणभर थांबली आणि चहाच्या कपाकडे परत आली. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कार्ड ठेवतो. सहकुटुंब या बरं का."

नात, संचिता, गावाला नव्हतीच. ती त्या वेळी पलीकडच्या खोलीत शेजारणीच्या मुलीबरोबर कॅरम खेळत होती. जूनपासून ती वर्तकनगरला इंग्लिश मीडियमच्या शाळेत जात होती. हे हितेशने ठरवलेलं. हितेश मंजुळाबाईंचा मुलगा, एसी दुरुस्तीच्या कामाला जायचा. तो स्वतः बाळकुमच्याच शाळेत शिकला होता. "आई, मी शाळेला नावं ठेवत नाहीये," तो म्हणाला होता. "पण तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिला, तिन्हीकडे इंग्रजी बोलायला तोंड उघडलं नि तिथेच अडलो. तिचं तसं नको व्हायला." मंजुळाबाईंनी त्याला अडवलं नव्हतं.

पण बाहेर सगळ्यांना त्यांनी खोटं सांगितलं. जिच्या घरचीच पोर टाय लावून शाळेच्या बसमध्ये चढते, तिच्या शब्दावर कोण आपलं लेकरू पालिकेच्या शाळेत घालील? पुढच्या जूनला कुठल्या तोंडाने दारात उभं राहायचं? नि सात पोरं आली नाहीत तर त्या चार वर्गांचं काय व्हायचं? रोज सकाळी त्या संचिताला चाळीसमोरचा स्टॉप सोडून पुढच्या नाक्यापर्यंत चालवत न्यायच्या. टाय खिशात. तो नाक्यावर, भिंतीच्या आड उभं राहून बांधायचा.

संध्याकाळी सुनेने, मृणालने, कार्ड हातात घेऊन दोनदा वाचलं. ती नौपाड्यात साड्यांच्या दुकानात काम करायची, आल्या आल्या पर्सही न ठेवता वाचत उभी राहिली.

"सहकुटुंब म्हणजे आपण सगळे ना, आई?"

"हितेश येईल माझ्याबरोबर. तू नि संचिता घरी थांबा."

मृणालला कळायला वेळ लागला नाही. तिने कार्ड टेबलावर ठेवलं.

"आम्ही काय चोरी केलीय का? मी शनिवारची सुट्टी टाकलीय. दुकानात सगळ्यांना सांगितलंय, माझ्या सासूबाईंचा सत्कार आहे म्हणून. शेठ पण म्हणाले, फोटो दाखव."

मंजुळाबाईंना तिचा राग आला आणि तिच्याबद्दल मायाही दाटून आली, दोन्ही एकदमच. त्या भाजी ढवळत राहिल्या. शेवटी ठरलं ते असं की संचिताने सत्कारापुरती गावाहून आल्यासारखं यायचं, पण गप्प बसायचं.

"कोणी शाळेचं नाव विचारलं तर?" संचिताने विचारलं.

"सांगायचं नाही."

"मग खोटं बोलायचं?"

"बोलायचंच नाही," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि त्यांना आपलीच शरम वाटली.

शनिवारी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढे सतरंज्यांवर मुलं आणि त्यांच्या आया, मागे खुर्च्या. भाऊ पाऊण तास उशिरा आले आणि पालिकेच्या शाळा टिकल्याच पाहिजेत यावर अर्धा तास बोलले. चांगलं बोलले, टाळ्याही मिळाल्या. डॉक्टर उत्तरा दोन वाक्यं बोलून खाली बसल्या. मग मंजुळाबाईंच्या खांद्यावर शाल आली, हातात श्रीफळ आलं आणि सर मानपत्र वाचू लागले.

मंजुळाबाई अर्धवटच ऐकत होत्या. त्या समोर बघत होत्या. पहिल्या रांगेत रतन होती, नाक्याजवळच्या टॉवरमध्ये धुणंभांड्याला जाणारी. तिच्या मांडीशी चौथीतली रुचिता. रुचिताला पहिलीत त्यांनीच आणलं होतं, रतन तीन दिवस नाही-नाही म्हणत असताना. तिच्या मागे अशाच आणखी दहा-बारा जणी. आणि कडेला, मृणालच्या शेजारी, संचिता उजव्या हाताचा पंजा तोंडावर घट्ट दाबून बसली होती. भाऊंचं भाषण सुरू झालं तेव्हापासून ती तशीच बसलेली. मधेच हात दुखला म्हणून तिने तो काढला आणि लगेच डावा ठेवला.

मानपत्रात हितेशचा उल्लेख होता. नातीबद्दल एक अक्षर नव्हतं.

"ताई, दोन शब्द," सर म्हणाले.

मंजुळाबाईंनी नारळ खुर्चीवर ठेवला. मृणालने लिहून दिलेला आभाराचा कागद ब्लाउजमध्ये होता. तो त्यांनी काढलाच नाही.

"मला भाषण येत नाही. एक सांगायचंय तेवढं सांगते. माझी नात गावाला नाहीये. ती बघा तिथे बसलीय. ती वर्तकनगरला इंग्लिश शाळेत जाते. सरांना मी खोटं सांगितलं. तुम्हाला पण. तुमच्या दारात येऊन मी तुमची पोरं मागितली नि स्वतःची दिली नाही." त्या कडेला वळल्या. "संचिता, हात काढ गं तोंडावरचा."

स्टेजवरची मंडळी आपापल्या मांडीवरच्या नारळाकडे बघू लागली. त्यांच्यातल्या एकाचंही पोर किंवा नातवंड पालिकेच्या शाळेत नव्हतं, पण त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं. भाषण संपलं की टाळी वाजवायची या सवयीने भाऊंनी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

सरांनी मानपत्र हातात देताना खालच्या आवाजात म्हटलं, "टोक दिसत होतं टायचं, डब्यामागून."

"मग बोलला नाहीत ते?"

"सदुसष्ट मुलं तर खोटी नव्हती ना, ताई."

कार्यक्रमानंतर वडा आणि चहा होता. मंजुळाबाई शाल सावरत कडेला उभ्या राहिल्या. आयांच्या घोळक्याकडे जायचं धाडस होईना. रतन मात्र दोन प्लेट घेऊन सरळ त्यांच्याकडेच आली.

"काय मावशी तुम्ही पण. एवढं माइकवर सांगायची काय गरज होती? आम्हाला माहितीये की."

"काय माहितीये?"

"जूनपासून माहितीये. नाक्यावर भिंतीआड उभ्या राहून टाय बांधता ना? आमच्या टॉवरच्या गेटमधून सगळं दिसतं. सगळ्या जणी बघतो आम्ही." रतनला हसू आवरेना. "नि गाठ चुकते तुमची. मी जिथे कामाला जाते ना, तिथल्या पोराला रोज मीच बांधते. दोनदा वाटलं, जाऊन दाखवावं. पण म्हटलं, मावशी लपवतायत, तर लपवू दे."

मंजुळाबाईंना चार महिन्यांचं ओझं कोणीतरी अलगद उतरवून ठेवल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले. त्यांनी वड्याचा घास घेतला, तो त्यांना फार चवदार लागला.

"तुझी रुचिता काय म्हणते?"

"मस्त आहे. घरी आलेला कागद तीच वाचून दाखवते सगळ्यांना. सर चांगले आहेत आपले." रतनने प्लेट या हातातून त्या हातात घेतली. "मावशी, धाकटी पुढच्या वर्षी सहाची होईल."

"माहितीये मला. माझ्या लक्षात आहे ती."

"तेच विचारायचं होतं." रतनने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "संचिताच्या शाळेचा फॉर्म कधी निघतो?"

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सर सतरंज्यांच्या घड्या घालत होते. मंजुळाबाईंना खांद्यावरची शाल एकदम जड वाटली. माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. घटकाभरापूर्वी म्हटलंही असतं.

"जानेवारीत," त्या म्हणाल्या. "मृणालला विचार, ती नीट सांगेल. जन्मदाखला लागतो."

"तो कुठे आहे माझ्याकडे. गावाला झाली ना ती."

"सरांना सांग. सर देतील काढून." त्यांनी रिकामी प्लेट रतनच्या हातात दिली आणि शाल उतरवून तिची घडी घातली. "पण एक सांगून ठेवते. जूनमध्ये मी तुझ्या दारात येणार."

"या की," रतन म्हणाली. "चहा टाकीन."