टाकीच्या वळणावर लागणारा दिवा

मी एक जुना दिवा आहे, पण मित्रांनो, उजेडासाठी माझ्याकडे येऊ नका. माझ्या उजेडात सुईत दोरा ओवला जाणार नाही. मी नखाएवढा, तांबड्या काचेचा. इंजिनातल्या तेलाचा दाब पडला की लागायचं आणि दाब नीट असला की गुपचूप विझून बसायचं, एवढंच माझं काम. मी विझलेला असलो की सगळे खुशीत, लागलो की सगळ्यांची तोंडं वाकडी. अशी नोकरी करणाऱ्याचा स्वभाव संशयी झाला तर नवल काय?

जन्मतः मी तसा नव्हतो. कारखान्यात माझ्यावर पितळी टोपण बसलं, एका बाईने मला बॅटरीला टेकवून पाहिलं आणि "हा चांगला" म्हणून डावीकडच्या खोक्यात टाकलं. ती माझी पहिली शाबासकी. दुसरी मिळायला फार वर्षं गेली.

पहिली नोकरी पाणी उपसणाऱ्या एका डिझेल इंजिनावर लागली. तिथला पंपवाला मनाने वाईट नव्हता, पण मी त्याला खुंटीसारखा वाटायचो. आल्या आल्या टोपी काढायची आणि माझ्यावर अडकवायची. एके दुपारी तेलाची नळी फुटली. मी टोपीखाली लागलो आणि लागूनच राहिलो. इंजिन तापून जाम झालं तेव्हा त्याने टोपी उचलून डोक्यावर घातली आणि आल्यागेल्याला सांगितलं, "दिवा लागलाच नाही हो." त्या दिवसापासून माणसांवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

इंजिन भंगारात गेलं. मी एका वेल्डिंगच्या दुकानातल्या खणात, गंजक्या बोल्टांच्या शेजाराला आलो. किती वर्षं तिथे होतो ते बोल्टांनाच विचारा. एक दिवस खण उघडला आणि दुकानाच्या मालकिणीने मला बाहेर काढून फुंकर मारली. चाळिशीची बाई. सगळे तिला ठिणगी म्हणायचे, थोडं कामामुळे आणि बरंचसं जिभेमुळे.

ठिणगीचा बाप मोटारसायकलींचा मिस्त्री. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि स्वतः एकच चालवली, चार सिलिंडरची, रेशमासारखी पळणारी. पुढे गुडघा वाकेनासा झाला. गाडी थांबवताना पाय वेळेवर टेकेना. दोनदा पडला, दुसऱ्या खेपेला खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी दुचाकी कायमची बंद केली. तरी म्हातारा रोज सकाळी गाडीजवळ स्टूल घेऊन बसायचा, इंजिन पाच मिनिटं चालू करायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि बंद करायचा. लेकीला ते बघवेना.

तिने काय केलं, तर सुट्या भागांची खोकी मागवून घरी जोडायच्या गाड्या असतात, त्यातली एक चिमुकली आणली. नळ्यांचा सांगाडा, चार चाकं, शेजारी शेजारी दोन जागा. इंजिन कुठलं घालायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. तिने बापाच्या मोटारसायकलचं घातलं, दोघांच्या पाठीशीच, म्हणजे त्याला ऐकू येईल. दोन वर्षं रविवार मोडून तिने ती गाडी उभी केली आणि शेवटी समोरच्या फळीवर भोक पाडून मला बसवलं. चावी फिरवली, मी लागलो. इंजिन सुरू झालं, मी विझलो. बाप म्हणाला, "हा दिवा शहाणा आहे." मित्रांनो, ती माझी दुसरी शाबासकी. मी मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकते.

तीन आठवडे टिकली.

गावाबाहेर पाण्याच्या उंच टाकीला वळसा घालून रस्ता जातो. लांबलचक, डावीकडचं वळण. ते निम्मं झालं आणि मी लागलो. वळण संपलं, मी विझलो. ठिणगीने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद करून जरा वेळ थांबली आणि इंजिनाच्या कडेची तेल दाखवणारी काच पाहिली. तेल खुणेला बरोबर. पुढच्या रविवारी तेच वळण, तोच मी.

"खोटं बोलतोय दिवा," बाप म्हणाला. "आवाज ऐक की. कुठे कुरकुर आहे का?"

मग वायरमनला बोलावलं. त्याच्या खिशात कायम टेस्टर, म्हणून त्याचं नावच टेस्टर. त्याने आधी इंजिनावरचा दाब ओळखणारा स्विच गुन्हेगार ठरवला. नवा बसवला, मी त्याच वळणावर लागलो. मग वायर गुन्हेगार. नवी ओढली, मी लागलोच. मग त्याने दाब मोजायचा काटा आणून अंगणात इंजिन चालवलं. काटा आपल्या जागी ठाम, देवळातल्या खांबासारखा. तिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"उस्ताद, वय झालं की दिव्यांना अशी उचकी लागते," टेस्टर बापाला म्हणाला.

उचकी! पण मी तरी कुणाला सोडलं? मला टेस्टरच्या गाठी ढिल्या वाटायच्या, नवा स्विच उर्मट वाटायचा. ठिणगीला वाटायचं, बाप तिच्या मागे इंजिनाशी काहीतरी चाळे करतो. बापाला वाटायचं, टेस्टरला मुद्दाम परत परत यायचं असतं, चहा फुकट मिळतो म्हणून. त्या अंगणात माणूस सोडा, पाना दिसेनासा झाला तरी एकमेकांच्या खिशांकडे बघणं सुरू व्हायचं.

शेवटी एके संध्याकाळी ठिणगीने हातातला पाना खाली ठेवला. हे इंजिन एकच आहे, ती म्हणाली, त्याचे भाग आता कुठे मिळत नाहीत. तेल पोचलं नाही आणि एक बेअरिंग जाम झालं तर जन्माचं गेलं. "रविवारी दिवा परत लागला ना बाबा, तर मी इंजिन उतरवून, पुसून फडताळात ठेवणार. गाडीत दुसरं घालू."

बापाने नुसतं "हं" केलं. मला ते "हं" आवडलं नाही.

शनिवारी तिने इंजिनातलं तेल काढलं, पांढऱ्या फडक्यातून गाळलं, फडक्यावर लोहचुंबक फिरवलं. धातूचा कण नव्हता, म्हणजे आत अजून काही झिजलं नव्हतं. नवं तेल भरलं आणि जुनं एका रुंद तोंडाच्या डब्यात ठेवलं. डबा निम्मा भरला. झाकण कुठे गेलं होतं कोण जाणे.

रविवारी सकाळी माझ्या तोंडावर अंधार पडला. काळी टेप, दोन पदरी, नीट दाबून बसवलेली. माझा पहिला संशय टेस्टरवर गेला, कारण टेप त्याच्याकडेच असायची. पण टेपेला बामाचा वास येत होता. त्या घरात बाम एकाच गुडघ्याला लागायचा.

ठिणगी येऊन बसली. बाप आधीच बसला होता आणि भिंतीकडे इतक्या लक्षपूर्वक बघत होता की जणू भिंत आजच उभी राहिली. तिने चावी फिरवली. मित्रांनो, चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी मी लागायलाच हवा, तो माझा हजेरीचा क्षण. तिने पाहिलं, उजेड नाही. तिने चावी बंद केली, वाकून बघितलं आणि नखाने टेपेचं टोक उचलून ती सोलून काढली.

"बाबा, हे काय?"

बाप भिंतीकडे बघतच म्हणाला, "तू ते फडताळात ठेवशील. फडताळातलं इंजिन मी ऐकू कसं?"

ठिणगीची जीभ पहिल्यांदाच अडखळलेली मी पाहिली. रागावलीही नाही. एवढंच म्हणाली की हे असं झाकून चाललं असतं तर ऐकायला काहीच उरलं नसतं. टाकीपलीकडच्या दुकानात जुनं तेल द्यायचंच आहे, तेवढी हळूहळू एक फेरी करू आणि परत आलो की इंजिन उतरवू. बापाने मान डोलवली. तिने तेलाचा डबा त्याच्या मांडीवर दिला. "धरा नीट. झाकण नाहीये."

ती शेवटची फेरी होती, ते तिघांनाही माहीत होतं, मी धरून. गाडी इतकी हळू चालली होती की एक सायकलवाला मागून पुढे गेला. टाकी दिसू लागली तसा बाप म्हणाला, "एकदाच नेहमीसारखं घे गं. शेवटचं."

तिने नको म्हटलं. मग त्याच्याकडे पाहिलं आणि वेग वाढवला.

वळणाच्या मध्यावर मी लागलो, आणि त्याच क्षणी डब्यातलं तेल उजवीकडच्या कडेवर चढून बापाच्या पँटवर आणि लेकीच्या बाहीवर सांडलं. "अगं, नीट चालव की जरा," एवढं तो म्हणाला आणि मध्येच गप्प झाला. तिने वेग कमी केला. तेल खाली बसलं. मी विझलो.

बाप कधी डब्याकडे बघे, कधी माझ्याकडे. पँटवरून काळा ओघळ खाली चालला होता, त्याचं त्याला भान नव्हतं.

"थांबव," तो म्हणाला. गाडी थांबली. "मोटारसायकल वळताना काय करते?"

"झुकते."

"आणि ही?"

ठिणगीने स्टिअरिंगवरचे हात काढले.

मित्रांनो, त्या मिस्त्रीने चाळीस वर्षांत हजार इंजिनं उघडली, पण वळणावर तेल कुठे जातं हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. कसं दिसणार? मोटारसायकल वळणात झुकते, तेलही तिच्याबरोबर झुकतं आणि तळाशीच राहतं, तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडापाशी. चार चाकांवरची गाडी झुकत नाही. मग तेल एका बाजूच्या भिंतीवर चढून बसतं, नळीच्या तोंडात नुसती हवा जाते आणि दाब पडतो. उभ्या गाडीत काचेत बघा, तेल पूर्ण. अंगणात काटा बघा, ठाम. सगळे खरं बोलत होते. मीसुद्धा.

इंजिन उतरलं नाही. फक्त तळातला तेलाचा चेंबर खाली आला. ठिणगीने पत्र्याचे आडवे-उभे पडदे कापले, त्यांना आतल्याच बाजूला उघडणाऱ्या छोट्या झडपा केल्या, म्हणजे तेल नळीकडे येईल पण दूर पळणार नाही. बापाने स्टुलावर बसून एकेक कड कानशीने घासली. टेस्टर येऊन बघून गेला आणि म्हणाला, मला आधीपासून तसाच संशय होता. त्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

पुढच्या रविवारी टाकीचं वळण आलं. दोघं माझ्याकडे डोळे लावून बसले. मी लागलो नाही. वळण संपलं तरी नाही.

"मेला की काय हा?" बाप म्हणाला.

बघितलंत? लागलो तर खोटारडा, नाही लागलो तर मेलो! त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि चावी पुन्हा फिरवली. मी लागलो. म्हाताऱ्याने माझ्या काचेवर राहिलेला टेपेचा चिकटा अंगठ्याने पुसला. शब्दांत शाबासकी दिली नाही, पण ती मी तिसरी म्हणून धरली आहे.

तेव्हापासून रोज निघताना तो मी लागायची वाट बघतो. "लागला. चल आता," म्हणतो आणि मग डोळे मिटून इंजिन ऐकतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात, गाडीत माझे भाऊबंद असतील. ते लागले तर त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्यावर टोपी अडकवू नका. ते कुणाकडे बोट दाखवत आहेत ते आधी बघा.

संशय काही माझा पुरता गेलेला नाही. त्या काळ्या टेपेचं भेंडोळं अजून म्हाताऱ्याच्या खिशातच असतं आणि त्याचा हात खिशात गेला की माझी काच अजून थरथरते. पण परवा पुन्हा जुनं तेल द्यायला जायचं होतं. त्याने डबा मांडीवर घेतला, भेंडोळं काढलं, दातांनी टेप तोडली, आणि डब्याच्या उघड्या तोंडावर पुठ्ठा ठेवून तो चारही बाजूंनी घट्ट चिकटवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हं, तू बोल."