बादलीवर बसलेलं कपाट

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा माझा जन्म झाला. बाबा कामावर गेले होते, आजी बाल्कनीत केस विंचरत होती आणि आई जमिनीवर बसून बाबांच्या नव्या बुटांचं खोकं कापत होती.

मी कपाट बोलतोय. म्हणजे खरंखुरं लाकडी नव्हे हं. पुठ्ठ्याचा एक लांबट तुकडा, त्यावर जाड पेनाने लिहिलेलं ‘कपाट’. लिहिता लिहिता जागा संपत आली, म्हणून माझा ‘ट’ अगदी कडेला अंग चोरून उभा आहे.

“बिघडलं,” आई म्हणाली. तिला सगळंच बिघडेल असं वाटायचं.

काळजी होती बिट्टीची. बिट्टी म्हणजे घरातली चार वर्षांची लेक. काही हवं असलं की ती बोट दाखवून नुसतं ‘ते’ म्हणायची. दूध म्हणजे ‘ते’, चप्पल म्हणजे ‘ते’. बालवाडीच्या बाईंनी आदल्या दिवशी आईला थांबवून घेतलं होतं. “घाबरू नका. घरात वस्तूंवर नावं लावा. आणि नुसती लावून बसू नका, बोला तिच्याशी. ती एक शब्द बोलली की तुम्ही त्याला आणखी एक जोडा.”

“पण बाई, माझंच शिक्षण थोडं. माझ्याकडून चुकीचं शिकली तर?”

“दिवसभर बोलता ना घरात? मग झालं.”

खळ लावून आईने मला कपाटावर चिकटवलं. माझ्या भावंडांना दार, बादली, आरसा, माठ अशी घरं मिळाली. नियम असा, की जो कपाट उघडेल त्याने माझ्याखाली बोट फिरवून मला वाचायचं. बाबांनाही सूट नाही. “अगं, बस चुकेल माझी,” म्हणत तेही बोट फिरवायचे.

“कपाटात काय आहे गं?” आई विचारायची.

“फ्रॉक.”

“कसला फ्रॉक?”

“मऊ.”

“मऊ, धुतलेला फ्रॉक.”

हळूहळू घरातलं ‘ते’ कमी झालं. बिट्टी माझ्यासमोरून जाताना ‘कपाट’ म्हणून टाळी वाजवायची. मी तर फुगून जायचो.

पण आजी हसायची. “कपाटाला कपाट म्हणायला काय लागतं? पोपटसुद्धा म्हणेल. वाचते कुठे ती?”

ते आईच्या मनाला लागायचं. बिट्टी अक्षरं बघते की नुसतं कपाट बघून बोलते? भाजी चिरता चिरता ती माझ्याकडे अशी बघायची, जणू उत्तर मीच देणार.

मग एका दुपारी आई दुकानात गेली असताना आजीने साफसफाई काढली. आम्हा सगळ्यांना अलगद सोडवलं, वस्तू पुसल्या आणि परत चिकटवलं. चष्मा कपाळावर. तो डोळ्यांवर ओढून घ्यायला आजीला कमीपणा वाटतो. मी बघतो तर काय, मी न्हाणीघरात बादलीवर.

बिट्टी हात धुवायला आली आणि थबकली. खाली बसली. ओलं बोट माझ्या ‘क’खाली ठेवलं.

“क... पा... ट.” तिने बादलीत डोकावून पाहिलं, मग मला परत वाचलं. आणि पोट धरून हसत सुटली. “आजी, तू बादलीला कपाट केलंस.”

“काहीतरीच. नीट बघून लावलंय मी.”

बिट्टी कपाटापाशी धावली. “बा... द... ली. बघ, कपाटाची बादली झाली. आता फ्रॉक भिजणार.”

दारात आई उभी होती. हातातली पिशवी खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं. “परत वाच बरं, बाळा.”

“का? तुझा पण चष्मा हरवला?”

आई पिशवी खाली ठेवून हसायला लागली, डोळे पुसत. आजीने कपाळावरचा चष्मा गुपचूप खाली ओढला, मला वाचलं आणि म्हणाली, “मुद्दामच लावलं होतं. म्हटलं, बघावी परीक्षा घेऊन.”

“हो तर,” आई म्हणाली.

तेव्हापासून आजी आठवड्यातून एकदा मुद्दाम घोळ घालते. मी माठावर बसलो, आरशावर बसलो, एकदा आजीच्या पाठीवरसुद्धा.

काल बिट्टी म्हणाली, “आई, ‘घाई’ लिहून दे.”

“घाई? ती कुठे चिकटवणार?”

बिट्टीने ती बाबांच्या बुटावर चिकटवली. बाबा तसेच कामावर गेले.

आता मी पुन्हा कपाटावर आहे. पाण्याने एक कोपरा फुगलाय, अंगाला साबणाचा वास येतो. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. तुमच्या ओळखीत ‘ते, ते’ म्हणणारं पोर असेल आणि त्याची आई काळजीत असेल, तर तिला माझा निरोप द्या. म्हणावं, बुटांचं खोकं टाकू नकोस. आणि एखादं अक्षर कडेला दाटलं, तरी पोरं ते बरोबर वाचतात.