बांधाच्या आतला समुद्र

सोमवारी सकाळी समुद्र बांधाच्या आत आलेला होता. बांध कुठेही फुटला नव्हता. बाहेर, जिथे काल समुद्र होता, तिथे नुसता चिखल पडला होता आणि आत भाताच्या खाचरांत लाटा येत होत्या. गावाने ते पाहिलं आणि गाव आपापल्या कामाला लागलं.

शेवंती भोईरच्या मनात मात्र पाल चुकचुकली. तिच्या आईचं घर गावात सगळ्यात सखल जागी, खाचरांना लागून होतं आणि आई अंथरुणाला खिळलेली. आता भरती आली की पाणी पहिलं त्याच घरात शिरणार होतं.

भरतीच्या सुमाराला ती बांधावर गेली. बांधात पाण्याला आत-बाहेर करायला एकच वाट, ती म्हणजे उघाडी. तिचं लाकडी दार बाळाराम नाना नेहमीसारखं खाली सोडत होते.

“नाना, समुद्र आत हाय. दार लावलंत तर तो जाईल कुठं?”

“भरतीला दार लावायचं गो. माझा बा पण लावायचा.”

“तुमच्या बाच्या वेळी समुद्र बाहेर होता.”

“असंल,” नाना म्हणाले आणि त्यांनी दोराला गाठ मारली.

मग ती बांध कमिटीचे चेअरमन चांगदेव पाटील यांच्याकडे गेली. समुद्राने जागा बदलली म्हणून कमिटीने पद्धत बदलावी, हे काही त्यांना पटेना. शेवंती बोलत होती तोवर त्यांच्या खिडकीखालच्या खाचरातलं पाणी हलायचं थांबलं होतं. ती गप्प झाली तशी लाट पुन्हा सुरू झाली. ते तिला अजिबात आवडलं नाही.

परत आली तेव्हा आईच्या खाटेचे पाय बुडले होते. आता विचारायचं कुणाला आणि कशाला? तिने बांधावर जाऊन एकटीने दोर ओढला, दार उचललं, आणि चढलेलं पाणी निमूटपणे बाहेर चिखलावर गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव कौतुकाला हजर. काल कानांवर हात ठेवणारे आज तिचे गोडवे गात होते, आणि तिला त्या गोडव्यांचीच भीती वाटू लागली. कमिटीने बांधावर सभा घेऊन ठराव केला: यापुढे भरतीला दार उचलायचं. पाटलांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. पाणी पुन्हा थांबलं होतं.

“हळू वाचा,” शेवंती म्हणाली. “आपल्याखेरीज कुणीतरी ऐकतंय.”

लोक हसले.

भरतीच्या आधीच समुद्र उठून आपल्या जुन्या जागी, बांधाबाहेर गेला. आत खाचरं कोरडी पडली. बाहेर पाणी बांधाच्या माथ्याकडे चढत होतं, आणि पाण्याच्या दाबाने दार हलेना म्हणून नानांच्या जोडीला दोरावर सहा गडी लागले होते.

“सोडा तो दोर,” शेवंती धावत येऊन म्हणाली. “समुद्र बाहेर गेलाय.”

“भरतीला दार उचलायचं,” नाना म्हणाले. “तूच दाखवलंस ना गो.”

त्यांना अडवायला तिने दोराला हात घातला. मदतीलाच आली म्हणून गड्यांनी मानाने तिला पुढची जागा दिली आणि सगळ्यांनी मिळून दार वर घेतलं. पाणी आत आलं. खाचरांत ते पसरलं नाही. आईच्या घराची वाट त्याने सरळ धरली आणि उंबऱ्याशी जाऊन थांबलं.

“कोण हाय?” आईचा आवाज बांधापर्यंत आला.

“मी शेवंती, आये,” पाणी शेवंतीच्या आवाजात म्हणालं.

“मग ये ना गो आत. दार लोटलेलंच हाय.”